काळी काच, ५२५ पट आणि ‘बनावट’ गुरू

परवा दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘छोट्या दुर्बिणींचं सत्य : घेण्याआधी या सात गोष्टी वाचा.’ शेवटी नेहमीचं, ‘सर्वांना पाठवा.’ एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण दुसऱ्या दिवशी भाचीचा मेसेज आला : ‘आत्या, दुर्बीण खोक्यात भरून ठेवली. गुरूचे फोटो सगळे खोटे असतात म्हणे.’ ११४ मिलिमीटर आरशाची तिची दुर्बीण. गेले काही महिने ती त्यातून गुरू बघून वहीत पेन्सिलने पट्टे काढायची, शेजारी वेळ लिहायची. एका फॉरवर्डने ते बंद पडलं. दादा, तू रागावशील, पण आता हे वाचच.

मुद्दे क्रमाने घेणार नाही. सहावा आधी, कारण बाकीच्यांनी फार तर गैरसमज होईल, याने डोळा जाईल.

‘शुक्र आणि बुध दिवसाही दिसतात. दुर्बिणीसोबत येणारी छोटी काळी काच आयपीसला लावा आणि सूर्याच्या आसपास शोधा.’

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून तर पुढचं जास्त धोक्याचं. शुक्र भर दुपारी दिसतो, मी पाहिला आहे. पण सूर्य भिंतीआड ठेवून, आणि शुक्र कुठे आहे ते आधी नीट काढून. सूर्याच्या आसपास दुर्बीण फिरवत शोधायचं म्हणजे कधीतरी सूर्य आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, येणारच. उन्हात आकसलेल्या आपल्या बाहुलीच्या मानाने ११४ मिलिमीटरचा आरसा साधारण दोन हजार पट प्रकाश गोळा करतो आणि तो सगळा आयपीसपाशी एका ठिपक्यात आणून ओततो. फॉरवर्ड म्हणतो, काच नेमकी तिथेच बसवा. ती तापते आणि तडकते. डोळा बाजूला घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजत असताना काहीच जाणवत नाही. नंतर नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो, तेव्हा कळतं. सूर्य पाहायचा असेल तर त्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायचा, पूर्ण तोंड झाकेल असा, आणि बाजूच्या शोधक दुर्बिणीला झाकण घालायचं. एक्स-रे फिल्म नाही, काजळी धरलेली काच नाही. ग्रहणाचा चष्मा घालून आयपीसला डोळा लावणं तर अजिबात नाही.

आणि गंमत बघा. सूर्याचा प्रकाश लाख पटीने कमी करणाऱ्या काचेतून शुक्र दिसेल कसा? ज्याने हे लिहिलं त्याने स्वतः एकदाही करून पाहिलेलं नाही, हे या एका वाक्यावरून कळतं. पुढे पाठवणाऱ्यांनीही.

आता चौथा मुद्दा, ज्याने दुर्बीण खोक्यात गेली. ‘हौशी लोकांचे ग्रहांचे फोटो बनावट. हजारो फोटो एकावर एक चिकटवून कॉम्प्युटर चित्र तयार करतो.’

हजारो फ्रेम, म्हणजे चित्रणातली सुटी चित्रं, एकावर एक बसवतात, हे बरोबर. त्यापुढचं सगळं चूक.

ग्रहाचा प्रकाश कोट्यवधी किलोमीटर निर्वेध येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये आपली हवा त्याची वाट लावते. खळाळत्या ओढ्याच्या तळाशी पडलेला गोटा आठवा. तो थरथरतो, फाटतो, मधूनच पाणी क्षणभर शांत झालं की लख्ख दिसतो. आयपीसला डोळा लावून बसलेला माणूस या क्षणाचीच वाट पाहत असतो. पंधरा मिनिटं गुरू नुसता उकळतो आणि मग अर्धा सेकंद पट्ट्यांच्या कडा कोरल्यासारख्या दिसतात. डोळा तेवढंच धरून ठेवतो, बाकीचं सोडून देतो. कॅमेरा तेच करतो. सेकंदाला शंभर फ्रेमने दोन मिनिटं चित्रण केलं तर बारा हजार फ्रेम मिळतात. त्यातल्या हवा शांत असतानाच्या, म्हणजे समजा दोन-अडीच हजार, सॉफ्टवेअर निवडतं, एकमेकींवर नीट बसवतं आणि सरासरी काढतं. प्रत्येक फ्रेममधला रवाळपणा वेगळा असतो, त्यामुळे सरासरीत तो मुरतो; ग्रहावर जे खरंच आहे ते प्रत्येक फ्रेममध्ये असतं, म्हणून ते उरतं. अडीच हजार फ्रेमच्या सरासरीत रवाळपणा पन्नासाव्या हिश्शावर येतो, अडीच हजारचं वर्गमूळ पन्नास म्हणून. शाळेतलं गणित आहे. हवेतून अशी ‘नशिबाची’ फ्रेम हाती लागण्याची शक्यता किती, हे डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञाने १९७८ साली मांडून ठेवलं आहे. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरसुद्धा नव्हते.

शिवाय बनावट करणाऱ्याला घाई कशाला असेल? गुरू स्वतःभोवती सुमारे ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. तीन मिनिटांत त्याच्या मध्यावरची खूण जवळजवळ ०.७ विकला सरकते (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). म्हणून मंडळी दोन-तीन मिनिटांत चित्रण आटोपतात, नाहीतर तपशील फरफटतात. जास्त वेळ घेतला तर फिरण्याचा हिशेब करून फ्रेम मागे वळवाव्या लागतात. खोटं चित्र काढणाऱ्याला हा त्रास कशाला हवा होता?

एवढं करूनही पटत नसेल तर अँथनी वेस्ली या हौशी माणसाचं उदाहरण घ्या. १९ जुलै २००९ च्या रात्री तो ऑस्ट्रेलियातल्या आपल्या घराच्या अंगणातून गुरू टिपत होता. थांबायच्या बेतात होता, मग म्हणाला आणखी थोडा वेळ बघू. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग फिरत समोर आला. चंद्राची सावली म्हणावी तर जागा जुळेना, वादळ म्हणावं तर फारच काळा. त्याने लगेच ई-मेल पाठवले. हवाईतल्या नासाच्या इन्फ्रारेड दुर्बिणीने तीच जागा पाहिली, तर तिथे लख्ख चमक. काहीतरी गुरूवर आदळलं होतं. चार दिवसांनी हबल या अवकाश दुर्बिणीनेही तो व्रण टिपला. फ्रेम एकावर एक बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला एवढा मोठा आघात स्वतःच्या मनाने, नेमक्या जागी, हबलच्या आधी कसा काय सुचला, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

पुढच्या वर्षी तर कहर. ३ जून २०१० ला वेस्लीच्या चित्रणात गुरूवर सुमारे दोन सेकंदांची एक ठिणगी दिसली. हजारो किलोमीटर दूर फिलिपिन्समध्ये क्रिस्टोफर गो नावाचा दुसरा हौशी निरीक्षक त्याच वेळी गुरू टिपत होता. त्याच्याही चित्रणात तीच ठिणगी, त्याच क्षणी, त्याच जागी. त्यावर शोधनिबंध निघाला, लेखकांत या दोघांची नावं आहेत. आदळलेली वस्तू ८ ते १३ मीटरची असावी असा अंदाज निघाला. दोन देशांतल्या दोन कॉम्प्युटरांनी आपापसात ठरवून थाप मारली असं म्हणायचं आहे का?

हो, वेस्लीची दुर्बीण साडेचौदा इंची, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटरची, भाचीच्या तिप्पट; तिला कोणी छोटी म्हणणार नाही. पण तंत्र तेच आणि जागा अंगणच.

एक मात्र नाइलाजाने कबूल करते. फ्रेम बसवून झाल्यावर चित्र धारदार करतात आणि तिथे अनेकांचा हात सुटतो. मंगळाच्या उजळ कडेच्या आत खोटी काळी कमान उमटते, शनीच्या कड्यांत नसलेल्या रेघा येतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधनं तर नसलेला तपशील भरूनच देतात. अशा चित्रांना बनावट म्हटलं तर मी भांडणार नाही. पण त्यासाठी सगळ्यांनाच खोटं ठरवायचं?

दुसरा मुद्दा : ‘५०० पटीपेक्षा कमी मोठं दाखवणारी दुर्बीण म्हणजे खेळणं.’ ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असतं, ते वाचून हे आलं असणार. आयपीस बदलून वर्धन कितीही वाढवता येतं. तपशील वाढत नाही. ओल्या कागदावर पसरलेलं अक्षर भिंगाखाली धरलं तर पसरलेली शाईच मोठी दिसते. तपशील ठरतो आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासावर. ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, साधारण किती विकलांपर्यंत दुर्बीण दोन तारे वेगळे दाखवते ते कळतं. भाचीची जेमतेम एक विकला. कामाचं वर्धन व्यासाच्या फार तर दुप्पट, म्हणजे ७० मिलिमीटरला १४०, तिच्या दुर्बिणीला २२८, आणि बहुतेक रात्री हवा तेवढंही वापरू देत नाही. खोक्यावरचा आकडा आणि खोक्यावरचं यानाने काढलेलं शनीचं चित्र, दोन्ही फसवणूक. इथे फॉरवर्डवाला आणि मी एकाच बाजूला असायला हवे होतो. तो मात्र त्याच आकड्याला भुलला.

‘ग्रह फक्त ठिपक्यासारखे दिसतात’ हा पहिला मुद्दा. जेमतेम वीस पट वर्धनाच्या दुर्बिणीतून गॅलिलिओला जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधला तो सुमारे ५७ मिलिमीटरच्या भिंगातून. आणि हिशेब करा : गुरूचा व्यास ४५ विकला धरला तर ४० पटीत तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा होतो. नवशिक्याला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. काळ्याशार गोलात एकटाच लोंबकळणारा ग्रह बारीकच वाटतो, शिवाय फिकट आणि थरथरता. तेवढी निराशा खरी आहे. नजर तयार व्हायला काही आठवडे लागतात.

पाचवा, ‘अमुक रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, तोही दुर्बिणीशिवाय’, हा भूतकाळातून दरवर्षी परत येतो. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ सुमारे साठ हजार वर्षांतला सर्वांत जवळ आला होता, तेव्हा त्याचा व्यास होता २५ विकला. मूळ ई-मेलमध्ये ‘७५ पट वर्धनातून पाहिल्यास’ असं होतं. ते शब्द गळले आणि अफवा उरली. छोट्या दुर्बिणीला नावं ठेवणाऱ्या फॉरवर्डमध्ये दुर्बिणीची गरजच नाही असा मुद्दा!

तिसरा : ‘शहरातून ग्रह दिसत नाहीत.’ दिसतात. रस्त्यावरच्या दिव्यांनी तेजोमेघ बुडतात, गुरू बुडत नाही. त्रास होतो तो तापलेल्या छपरावरून उठणाऱ्या हवेचा. आणि दुर्बीण घरातून बाहेर काढल्या काढल्या बघू नका, तिलाही थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्या.

सातवा : ‘यानं पोहोचली, आता घरून बघण्यात काय अर्थ?’ वेस्लीचं वर सांगितलंच. नासाचं जुनो यान २०१६ पासून गुरूभोवती आहे, तरी त्याच्या कॅमेऱ्याचं नियोजन करताना गुरूवर कुठे काय चाललं आहे हे कळायला हौशी लोकांचे फोटो मागवले जातात. शनीवरचा १९३३ चा प्रसिद्ध पांढरा डाग ‘विल हे’ नावाच्या इंग्लिश विनोदी नटाने सहा इंची दुर्बिणीतून शोधला होता. पुरे.

काल भाचीकडून वहीच्या पानांचे फोटो मागवले. एका चित्रात विषुववृत्ताच्या दक्षिणेच्या पट्ट्याला कडेशी एक खाच काढून मग खोडली आहे. रबराचा डाग दिसतो. विचारलं तर म्हणाली, ‘दुर्बिणीचा दोष असेल असं वाटलं.’ शेजारी वेळ लिहिलेली होती. मी पडताळून पाहिलं. त्या वेळी गुरूचा मोठा तांबडा डाग जवळजवळ मध्यावर आलेला होता, आणि तो त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला अशाच खाचेत बसतो. डाग तिला दिसला नव्हता, खाच दिसली होती.