लॉनवर पालथा माणूस

गेल्या रविवारी सकाळी एक गृहस्थ माझ्या लॉनवर पालथे पडले होते. चक्कर येऊन नव्हे, चांगले ठरवून, हातात भिंग घेऊन. शेजाऱ्यांचे व्याही. गोल्फ खेळतात आणि कुठल्याशा क्लबाच्या ग्रीन्स कमिटीवर (मैदानाचं गवत बघणारी मंडळी) होते, एवढी ओळख शेजाऱ्यांनी कुंपणावरून करून दिली आणि ते घाईघाईनं घरात गेले. माणूस सुटकेच्या आनंदात कसा चालतो ते मी त्या वेळी पाठमोरं पाहिलं.

लॉन नवं आहे. त्याआधी दोन महिने मी खुरपं घेऊन हरळी खणत होतो. हरळी वर दिसते ती नुसती पाटी, खरा कारभार जमिनीखाली. पांढऱ्या काशा, पेरापेराला मुळं, आणि एक पेर मातीत राहिलं तरी पंधरा दिवसांत बाई हजर. तर ती सगळी काढली आणि एका रोपवाटिकेतून ‘हायब्रिड बर्म्युडा, टिफवे ४१९’ अशी गवताची गुंडाळी आणून गालिच्यासारखी अंथरली. बिलावर तसं निळ्या शाईत लिहिलंय. बिल अजून जपून ठेवलंय, का ते कळेलच.

“काय लावलंय?” व्याहीबुवांनी विचारलं. मला नाही, गवताला.

“टिफवे,” मी म्हणालो. जरा छाती काढूनच.

“हं.”

तोंडात आरसा घातल्यावर दातांचे डॉक्टर जो ‘हं’ करतात, तो. मग त्यांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढून गवतात उभी धरली.

“वीस मिलिमीटर.”

“चांगलंय ना?”

“विम्बल्डनला आठ.”

“तिथे कापायला माणसं आहेत हो.”

“गोल्फच्या ग्रीनला तीन.”

तीन मिलिमीटर! ग्रीन म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवतीची हिरवळ. आठवडाभर दाढी केली नाही तर माझी हनुवटी ग्रीन म्हणून खपेल. ते कापणारं यंत्र वेगळं, त्याची धार वेगळी, आणि ते रोज फिरवायला पगारी माणूस. माझ्याकडे एक मशीन आहे, ते कापण्यापेक्षा ओरडतं जास्त.

“विम्बल्डनला मात्र हे नाही,” ते भिंगातूनच बोलत होते. “तिथे राय गवत. आधी सत्तर टक्के राय, तीस टक्के फेस्क्यू. २००१ला फेस्क्यू काढलं.” चोरी करताना सापडलेल्या नोकराला काढतात तसं ‘काढलं’.

“का?”

“टिकेना.”

“मग मीही राय लावू का?”

“उन्हाळ्यात जळेल. ते थंड हवेचं गवत. कडक उन्हाला बर्म्युडाच.”

“मग माझं बरोबरच आहे की!”

“बर्म्युडा बरोबर आहे,” ते म्हणाले. “हे टिफवे नाही.”

इथे मी मांडी घालून खाली बसलो. उभं राहून ऐकण्यासारखी बातमी नव्हती.

भिंतीकडेला, जिथे माझं मशीन पोचत नाही, तिथून त्यांनी एक तुरा खुडला. चिमणीच्या पायासारखी चार बोटं फाकलेला. तळहातावर चोळला, फुंकर मारली, फोलपटं उडाली. मग हात माझ्या नाकाखाली आणला. खसखशीएवढे तीन-चार दाणे.

“टिफवे वांझ,” ते म्हणाले. “हिला मुलं आहेत.”

मला काही सुचेना. त्यांनी मग शांतपणे वंशावळ सांगितली. एका बाजूनं साधी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, तिची गुणसूत्रं ३६. दुसऱ्या बाजूनं दक्षिण आफ्रिकेची नाजूक पात्याची जात, तिची १८. दोघींचा संकर होतो तो २७चा. विषम हिशेब, म्हणून बी धरत नाही, काड्या लावूनच वाढवावा लागतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला १९६०मध्ये टिफवे बाहेर पडली, तेव्हापासून तशीच काडीकाडीनं जगभर गेली.

“माझी जुनी हरळी उरली असेल एखादी,” मी म्हणालो. आपली अब्रू वाचवायला माणूस आपल्याच कामात खोट काढतो, ते असं.

ते उठले, लॉनच्या सात कोपऱ्यांत (आधी चारच होते) सात वेळा पालथे पडले, सात तुरे चोळले. सगळीकडे मुलं.

म्हणजे मी घाम गाळून हरळी काढली आणि पैसे मोजून हरळी लावली. रोपवाटिकेत फोन केला, तर पलीकडून, “साहेब, गवत हिरवं आहे ना?” आता बोला! हिरवं आहे. म्हणजे गवत घ्यायला जाताना गुणसूत्रं मोजणारा माणूस बरोबर न्यायचा, असं यांचं म्हणणं. आंबट तोंडानं बसलो, दुसरं काय करणार?

त्या रात्री बारापर्यंत जागून मी व्याहीबुवांची एक तरी चूक सापडते का ते शोधलं. नाही सापडली, आणि खरा अपमान तोच. बाकी बरंच सापडलं. बर्म्युडा गवत मूळचं बर्म्युडाचं नाही. केंटकी ब्लूग्रास मूळचं केंटकीचं नाही, युरोपातून गेलेलं. ऑस्ट्रेलियात ज्याला बफेलो म्हणतात ते अमेरिकेत सेंट ऑगस्टिन, आणि अमेरिकेतलं बफेलो तिसरंच काहीतरी. माझ्या रोपवाल्यानं परंपरा पाळली म्हणायची. हरळीला ऑस्ट्रेलियात ‘कूच’ म्हणतात, हे एक नाव मात्र पटलं. ती तेवढंच करते.

१९३६ साली अमेरिकेतल्या मेरियन गोल्फ क्लबात, सतराव्या टीवर (पहिला टोला मारायची जागा), तिथल्या देखभाल करणाऱ्याला ब्लूग्रासचा एक वेगळाच दाट ठिपका दिसला. त्याची पुढे ‘मेरियन’ नावाची नामांकित जात झाली. बघा, तिथे लॉनवर वेगळा ठिपका दिसला की जातीला नाव मिळतं. माझ्याकडे दिसला की लोक भिंग काढतात.

पण मुख्य सांगायचं राहिलं. जाताना व्याहीबुवा फाटकाबाहेर थबकले. तिथे, भिंतीला लागून, मी दोन महिने खणून फेकलेल्या काशांचा ढीग होता. पाऊस पडून गेल्यापासून मी तिकडे बघितलं नव्हतं. ढीग गच्च हिरवा झाला होता. बारीक, एकसारखा, कुठे पिवळं पातं नाही.

ते वाकले. या वेळी भिंग काढलं नाही, नुसता हात फिरवला.

“हे कोणी केलं?”

“मीच.”

“पाणी?”

“नाही.”

“खत?”

“नाही हो.”

सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“सुरेख,” ते म्हणाले. “यातलं थोडं आत का नाही लावत?”