बस बघायची की तुमची पाठ?

जुन्या गाड्या मांडल्यात म्हटलं की मी साताऱ्यातल्या साताऱ्यात का होईना, डबा बांधून निघतो. आणि दरवेळी तेच! परवाही नाकाची मोठी लाकडी बॉडीची बस उभी होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफोर्ड याच जातकुळीतली. म्हटलं, जरा डोळे भरून बघू. कसलं काय! बॉनेटला रेलून एक ताई रील काढतायत. सातव्यांदा. "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." अहो, मी बस बघायला आलोय, तुमच्या फ्रेममध्ये यायला नाही!

आत बघावं तर ड्रायव्हरच्या सीटवर कुणाचं तरी पोरगं, गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ओढतंय. बाप कौतुकानं खाली उभा. हॉर्नचा रबरी फुगा आधीच चिरलेला, मालकानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जगवलेला. पॉं पॉं पॉं! शेवटी फस्स झालं. मालक बिचारा हसला. मी असतो तर...

जाऊ दे. रेडिएटरचं झाकण तरी बघू म्हणून वाकलो. खंबाटकी चढताना पाणी उकळलं की ड्रायव्हर ओलं फडकं टाकून ते कसं उघडायचा, हे नातवाला दाखवायचं होतं. तर झाकणावर कुणीतरी उसाच्या रसाचा ग्लास ठेवलेला. अर्धा भरलेला!

नातू म्हणाला, "आजोबा, आपण पण एक सेल्फी घेऊया?"