शेवटी सगळं तपकिरीच

घरी साबण करणं फारसं अवघड नाही. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा एवढ्या तीन गोष्टींत काम भागतं. खोबरेल तेलाच्या १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक, ऑलिव्ह तेलाला साडेतेरा, एरंडेलाला तेराच्याही आत. आलेल्या हिशेबातून पाचेक टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी धरायचं, म्हणजे थोडं तेल तसंच शिल्लक राहतं आणि अंघोळीनंतर कातडी ताणल्यागत वाटत नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या, पोरंटोरं बाहेर. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं घेतलं तर कॉस्टिक तेल सोडून आधी पातेलंच खायला बसतं. एवढं पाळलं की चार ते सहा आठवड्यांत हातात एक पांढुरका, सज्जन, निरुपद्रवी साबण येतो.

आणि पांढुरक्या साबणाला आमच्या घरात कोणी हिंग लावून विचारत नाही.

"छान झालाय गं, पण रंग?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. वर अट अशी की रंग नैसर्गिकच हवा. पाणीपुरीचं हिरवंगार पाणी पिताना आणि लग्नातली भगवी जिलबी हाणताना ज्यांच्या कपाळावर एक आठी पडत नाही, त्यांना अंगाला लावायचा रंग मात्र थेट झाडावरून तोडलेला लागतो. मी म्हटलं, ठीक आहे. स्वयंपाकघरात रंगांना काय तोटा?

पहिला मान हळदीचा. पिवळेधमक साबण करायचे आणि दिवाळीला शुभाताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे पाठवायचे, असा सासूबाईंचा बेत होता. त्यांनी सांगलीची हळद स्वतःच्या हाताने वस्त्रगाळ करून दिली. मिश्रण पातळ पिठल्याइतकं झालं तशी मी त्यात चमचाभर हळद टाकली आणि ब्लेंडर फिरवला. पिवळा रंग जेमतेम एक गिरकी टिकला. मग ब्लेंडरच्या भोवती एक विटकरी रेघ उमटली, ती रुंद होत कडेपर्यंत गेली, आणि बघता बघता पातेलं लालभडक.

"अगं बाई, कुंकू झालं की!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं, हे त्यांना मी शाळेत आम्ल आणि आम्लारी घोकत होते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक. वरणाच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हेही धुणं धुतलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. फक्त पातेलंभर डाग आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

साबण मुरू लागला तसा त्यातला क्षारपणा उतरला आणि लाल रंगही. विटकरीचा नारिंगी झाला, नारिंगीचा मोहरीचा. वड्या खिडकीशी ठेवल्या होत्या. हळदीला ऊन सोसत नाही, त्यामुळे उन्हाकडची बाजू पार उडाली आणि भिंतीकडची तशीच राहिली. शुभाताईंनी डबा उघडून अगदी मृदू आवाजात विचारलं, "वहिनी, हे आधी कोणी वापरलेत का गं?"

धाकट्या जावेला गुलाबी हवा होता. "बीट घाला ना ताई, सोप्पंय," तिने फोनवरून सांगितलं. फोनवरून सगळंच सोप्पं असतं. वास्तविक बीटाइतका चिवट रंग मी दुसरा पाहिलेला नाही. कोशिंबीर केली की तो बोटांवर राहतो, ओट्यावर राहतो, विळीच्या पाटावर पिढ्यानपिढ्या राहतो. साबणात मात्र त्याने पाच मिनिटं तग धरला नाही. आधी गढूळ पिवळट झाला, मग तपकिरी. जास्वंदीने थोडी आशा लावली. तिचा गडद लाल काढा मिश्रणात पडला आणि चक्क हिरवा झाला. मी हिरव्यासाठी केलेला पालक आधीच खाकी होऊन बसला होता, तेव्हा हा हिरवाही चालेल म्हणून मी खूश. सकाळी साचा उघडला तर राखाडीकडे झुकणारा तपकिरी.

यामागचं कारण काही गूढ नाही. ताजा साबण भलता क्षारयुक्त, म्हणजे आम्लारी असतो. आणि फुलाफळांचे बरेचसे रंग मुळात आम्ल की आम्लारी हे ओळखायला शाळेत वापरतात त्या दर्शकांच्याच भाऊबंदकीतले. आपण त्यांना रंग म्हणून बोलावतो, ते येतात परीक्षक म्हणून, आणि साबण क्षारयुक्त आहे असा शेरा देऊन मरून जातात.

एकदा हे कळल्यावर मी बाकीच्यांचा हिशेब भराभर उरकला. गुलाबाच्या पाकळ्या वरून सजवल्या, तपकिरी. दूध घातलं तर कॉस्टिकच्या उष्णतेने दुधातली साखर करपली आणि तपकिरी, शिवाय अमोनियाचा असा भपकारा की शेजारच्या काकूंनी दार वाजवून चौकशी केली. (दुधाचा बर्फ करून त्यात चिमूट चिमूट सोडा घातला तर हे टळतं. काकू टळत नाहीत.) व्हॅनिलाचा वास घातलेली वडी पांढरीशुभ्र होती म्हणून मी तिची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती, काही दिवसांत तीही चॉकलेटी. कॉफी तेवढी तपकिरी व्हावी म्हणूनच घातली होती आणि ती तपकिरीच झाली. माझ्या सगळ्या खटाटोपातला हा एकमेव आज्ञाधारक पदार्थ.

इथे एक सामाजिक निरीक्षण नोंदवलं पाहिजे. तपकिरी साबण बघून पाहुण्यांचा चेहरा पडत नाही, उलट गंभीर होतो. वडी नाकाशी नेतात, उलटी करून बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "आयुर्वेदिक का?" मी बीट म्हणाले तर त्यांचा हिरमोड होईल म्हणून मी नुसती मान हलवते. मग वाळा, नागरमोथा, कचोरा, जे उटण्यात असतं ते सगळं त्यांना त्या वडीत आपोआप दिसू लागतं. शुभाताईंनी तर दुधाची करपलेली वडी नेऊन, तिने अंगावरची खाज गेल्याचं कळवलं. आणखी पाठव म्हणाल्या.

रंगाचं जमत नाही तर वासाचं तरी बघू, असं आमच्या नवऱ्याने ठरवलं. मी ठरवलं नव्हतं. मी साचा पुसत होते, तेवढ्यात त्याने औषधांच्या डब्यातली लवंगेच्या तेलाची बाटली आणली आणि "जरासं" पातेल्यात ओतलं. आता लवंगेत युजेनॉल असतं. दाताला ते बधिर करतं, साबणाला मात्र त्याने अशी काही घाई सुटते की विचारू नका. ब्लेंडरचा आवाज आधी जाड झाला, मग घोगरा, मग बंदच. मी ब्लेंडर उचलला तर पातेलंही बरोबर वर आलं.

"झाला का?" त्याने विचारलं.

"झाला."

"इतक्यात? मग तू एरवी एवढा वेळ काय करतेस?"

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. हातात पातेलं लोंबत होतं आणि त्यात कॉस्टिक होतं, म्हणून तो वाचला.

लव्हेंडरच्या सुक्या फुलांचं प्रकरणही फार लांबलं नाही. महागातली फुलं, ऑनलाइन मागवलेली. वडीवर भुरभुरली तेव्हा जांभळट, नाजूक, थेट परदेशातली दिसत होती. आठवड्याभरात ओलाव्याने काळपट झाली, टोकं आखडली. कामाला येणाऱ्या मावशींनी कपाटावरचा केर काढताना ताटच खाली उतरवून माझ्यापुढे धरलं. "वहिनी, उंदीर झालेत घरात. सगळ्या साबणांवर लेंड्या टाकल्यात मेल्यांनी." मी काही बोलायच्या आत सासूबाई पिंजरा शोधायला माळ्यावर चढल्या होत्या.

साबण मुरला की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. वडीवर ओलं बोट फिरवायचं आणि ते जिभेच्या टोकाला लावायचं. कॉस्टिक शिल्लक असेल तर जिभेला बारीक करंट बसतो. नसेल तर नुसती साबणाची चव. घरच्यांसमोर हे करायला संकोच वाटतो म्हणून मी रात्री सगळं आवरल्यावर करते. पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंनी दिवा लावला तेव्हा माझी जीभ बाहेर होती आणि हातात वडी. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डब्यात लाडू आहेत गं. खात जा."

या सगळ्या काळात मला एका फ्रेंच माणसाचा आधार वाटत आला आहे. मिशेल यूजेन शेव्रल. तेल आणि चरबी म्हणजे नेमकं काय, क्षार भेटल्यावर त्यातून साबण आणि ग्लिसरीन कसं वेगळं होतं, हे पहिल्यांदा नीट उलगडलं ते याने. १८२३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. आणि लगेच पुढच्या वर्षी तो नेमला कुठे गेला, तर पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत, रंगाई खात्याचा प्रमुख म्हणून! तिथे तक्रार अशी की काळा रंग नीट चढत नाही. याने शोधून काढलं की रंगात खोट नाही; शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका दिसतो. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो, यावर त्याने १८३९ साली आणखी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे साबणाचं आणि रंगाचं, दोन्ही शास्त्रं एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होती. पण गडी शहाणा. ज्याने साबण समजून घेतला आणि रंगही समजून घेतला, त्याने साबणात बीट घातल्याचं माझ्या वाचनात नाही. तो १०२ वर्षं जगला आणि आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे.

शेव्रलचं वाचून मी माझ्या वड्या पांढऱ्या बादलीशेजारून हलवून काळ्या ताटात ठेवून पाहिल्या. तपकिरी जरा उजळ तपकिरी दिसली. शास्त्र खोटं नसतं.

अखेर मी रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानाचा रस्ता धरला. टिकणारे नैसर्गिक रंग आहेत, फक्त ते भाजीच्या टोपलीत नसतात. मंजिष्ठाची मुळी तेलात भिजत ठेवली तर साबणाला मातकट गुलाबी रंग येतो आणि तो राहतो. (सासूबाई: "विटलेला वाटतो." जाऊ: "ताई, बीट नव्हतं का?") रतनजोत तेलात लाल उतरते आणि कॉस्टिक लागलं की जांभळ्याकडे वळते, पण निदान वळून तिथे थांबते. लोहाचे रंग, ज्यांच्यामुळे गेरू गेरू होतो, ते तर कॉस्टिकला भीकच घालत नाहीत. फक्त ते अंगाला लावण्याजोगे शुद्ध केलेलेच घ्यावे लागतात, अंगणात रांगोळीखाली सारवायचा गेरू नव्हे.

आणि मग नीळ. खरी, झाडाच्या पानांतून काढलेली. निळीला क्षाराचं भय नाही; कापड रंगवायच्या तिच्या हौदात क्षारच असतो, तिथेच तिचा जन्म जातो. मी ती थोड्या तेलात घोटून मिश्रणात सोडली आणि श्वास रोखून पाहत राहिले. निळी. तासाभराने निळी. सकाळी साचा उघडला तरी निळी. तारेने वड्या कापल्या तेव्हा आतून एकसारखा, शांत, गडद निळा रंग निघाला, कडा धारदार, कुठे एक डाग नाही. चांगले सहा आठवडे त्या कपाटावर राहिल्या आणि तसूभरही तपकिरी झाल्या नाहीत. मी त्यातल्या दोन कागदात गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि बाकीच्या न्हाणीघरात ठेवायला म्हणून सासूबाईंकडे दिल्या.

पण आपल्याकडे साबणाला रंगावरून खातं मिळतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अंघोळीचा साबण गुलाबी असावा, पांढरा असावा, चंदनी असावा, फार तर डॉक्टरी लाल. पिवळा बार धुण्याचा. हिरवी वडी भांड्यांची. आणि निळी वडी? ती कोणाच्या अंगाला लागलेली आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेली नाही.

दुपारी मावशी बाल्कनीतून ओरडल्या, "वहिनी, ही नवी वडी एक नंबर आहे हो! साहेबांच्या शर्टाची कॉलर एका घाशीत निघाली."

मी धावत गेले. दगडावर फेसाचा डोंगर होता आणि त्याच्या शिखरावर माझी नीळ, अर्धी झिजलेली.

"मीच दिली तिला," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "एवढं आता छान जमलंय तुला, तर पुढच्या वेळी हिरवी कर. भांड्यांची संपत आलीय."

"आई, हिरवा टिकत नाही. तपकिरी होतो."

"मग शुभाला पाठव. तिला आयुर्वेदिकच लागतं."