दुधाचं माप

वाचनाचा अतिरेक होऊ शकतो का, असं कुणी विचारलं की आम्ही वाचणारी माणसं लगेच फणा काढतो. अतिरेक दारूचा होतो, मालिकांचा होतो, फार तर श्रीखंडाचा होतो. वाचनाचा कसा होईल? शिवाय सरकार आमच्या बाजूने आहे. १५ ऑक्टोबर हा महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो. वाचन आवर दिन अजून कुठल्याही कॅलेंडरवर आलेला नाही.

तरीही अतिरेक होतो. फक्त तो पानांत मोजता येत नाही. रोज वीस पानं वाचणारा अति वाचत असू शकतो आणि दोनशे पानं वाचणारा बेतात असू शकतो. मोजायचं माप गॅसवर असतं. ते म्हणजे दूध.

हिशेब असा. सरावलेला माणूस मिनिटाला साधारण २०० शब्द वाचतो. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकात पानाला २५०च्या आसपास शब्द बसतात. फ्रिजमधून काढलेलं लिटरभर दूध मध्यम आचेवर उकळी यायला दहा-बारा मिनिटं घेतं. म्हणजे एक लिटर दूध आठ ते नऊ पानांचं असतं, अर्धा लिटर पाच पानांचं. आता कथा बहुधा बारा-पंधरा पानांची असते. त्यामुळे दूध वर येतं तेव्हा कथा ऐन रंगात आलेली असते. याला योगायोग म्हणू नका, हे गणित आहे, आणि आपल्या कथालेखकांनी त्याचा कधीच विचार केलेला दिसत नाही.

दुधाचा स्वभावही वाचकाला पोषक नाही. पाणी उकळलं तर जागच्या जागी खदखदतं. दुधावर मात्र साय धरते, खालची वाफ तिच्याखाली कोंडते, फेस होतो आणि तो फेस साय डोक्यावर घेऊन वर चढतो. फेस वर चढू लागल्यापासून ओट्यावर ओघळ येईपर्यंत अर्धं मिनिटही मिळत नाही. अर्धं मिनिट म्हणजे शंभर शब्द, मध्यम आकाराचा एक परिच्छेद. "एवढा परिच्छेद संपवून उठते" हे वाक्य म्हणूनच इतकं महागात पडतं.

उपाय आहेत. पातेल्याच्या आतल्या काठाला बोटभर रुंद तूप चोळावं, फेस तिथे थोडा अडखळतो. पातेल्यावर लाकडी उलथणं आडवं ठेवावं, त्याला लागून फेस फुटतो. या दोन्हींनी मिळून फार तर पाऊण पानाची सवलत मिळते; आच तशीच चालू राहिली तर दूध उलथण्यालाही जुमानत नाही. तिसरा उपाय दुधाचा कुकर. त्याला दुहेरी भिंत असते, मधल्या पोकळीत तोटीतून पाणी भरायचं, वर शिट्टी लावायची. दूध वाफेच्या उबेवर तापतं म्हणून उतू जात नाही, आणि पाणी उकळलं की शिट्टी वाजते. उत्तम सोय. पण ज्या माणसाला हाक ऐकू येत नाही त्याला शिट्टी ऐकू येईल, हे गृहीत कुणी धरलं कळत नाही. शिट्टी वाजत राहते, पोकळीतलं पाणी आटतं आणि मग न उतू जाता दूध करपतं.

दुधासमोर कविताच वाचावी, असाही सल्ला दिला जातो. पानाला साठ-सत्तर शब्द, कधीही थांबता येतं. चुकीचा सल्ला आहे. कविता वाचणारा चौथ्या ओळीला पुस्तकातून मान वर काढतो आणि दुधाकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत राहतो.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पुण्याचं १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. म्हणजे महाराष्ट्रात पुस्तकापायी दूध उतू जाण्याची परंपरा २०० वर्षांची होत आली. तेव्हा चूल होती, एवढाच फरक. निदान बर्नर साफ करावा लागत नसे.

वाचणारा जागचा उठत का नाही, याचं कारण आळस नव्हे. कारण छपाईत आहे. "एवढं पान होऊ दे" हे वचन आम्ही प्रामाणिकपणे देतो. पण पान कधी पूर्णविरामावर संपतं का? ते संपतं "आणि तिने दार उघडलं तर समोर" या ठिकाणी. वाक्य पुरं करायला पान उलटावं लागतं. उलटलेल्या पानावर वाक्य संपतं, पण तो परिच्छेद चार ओळींचाच उरलेला असतो. परिच्छेद संपल्यावर सहज पुढे चाळून पाहिलं तर प्रकरण संपायला फक्त तीन पानं. तीन पानांसाठी खूण कोण घालतं?

यापुढचं लक्षण म्हणजे "हं". डोळ्यांवर भरपूर काम पडलं की मेंदू कानाकडचं काम मागे टाकतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. तेव्हा आम्ही मुद्दाम दुर्लक्ष करतो हा आरोप खोटा. तोंड मात्र चालू असतं. "अहो, रविवारी चिपळूणच्या लग्नाला जायचंय ना, काढू तिकिटं?" "हं." "आत्या आठ दिवस राहायला येतायत." "हं." या हं-ला घरोघरी पूर्ण कायदेशीर संमती मानतात. नंतर "मला कुणी विचारलंच नाही" म्हणण्यात अर्थ नाही. माझं मत असं, की वाचणाऱ्याने हं-ऐवजी "काय?" म्हणायची सवय लावून घ्यावी. उत्तर ऐकायचंच असं नाही, पण तिकिटं निघत नाहीत.

आता शरीराकडे वळू. बसून वाचणं हे थोडाच वेळ जमतं. मुरलेला वाचक आडवा होतो, आणि आडवं होऊन वाचण्याची एकही पद्धत निर्दोष नाही.

उताणं पडून वाचायचं तर पुस्तक वर धरावं लागतं. तीनशे पानी पुस्तकाचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. पाच मिनिटांत दंड भरून येतात, हात हळूहळू खाली येतो आणि झोप लागता क्षणी पुस्तक नाकावर. आठशे पानी बांधीव कादंबरी या आसनात वाचू नये. पोटावर, कोपरांवर रेलून वाचलं तर कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मुंग्या नेमक्या त्या दोन बोटांनाच का येतात याचं कोडं ज्यांना पडलं असेल त्यांना हे उत्तर.

राहिली कूस. कुशीवरचं वाचन स्वर्गसुख आहे, पण अर्धंच. डाव्या कुशीवर झोपलं की पुस्तकाचा डावा भाग गादीवर आडवा होतो आणि उजवा भाग समोर भिंतीसारखा उभा राहतो. उजवं पान आरामात वाचता येतं. डाव्या पानासाठी सगळं पुस्तक उचलून वाकडं करावं लागतं. कूस बदलली की डावं पान सुखाचं आणि उजवं कष्टाचं. म्हणजे तीनशे पानांपैकी दीडशे पानं विश्रांती आणि दीडशे पानं व्यायाम. काही जण प्रत्येक पानाला कूस बदलतात. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मत या लेखात घेतलेलं नाही.

खुर्चीत बसून मांडीवर पुस्तक ठेवणाऱ्यांनीही हसू नये. डोकं सुमारे पाच किलोचं असतं. ते ६० अंश पुढे झुकलं तर मानेच्या मणक्यावर २७ किलोंच्या आसपास भार येतो, असा हिशेब एका अमेरिकी सर्जनने २०१४ साली मांडला. २७ किलो म्हणजे तांदळाचं मोठं पोतं मानेवर घेऊन प्रेमकथा वाचायची. पुस्तक टेबलावर, तिरप्या पाटावर, डोळ्यांपासून हातभर अंतरावर ठेवावं; पोथी व्यासपीठ नावाच्या लाकडी स्टँडवर ठेवणारे आपले आजोबा-पणजोबा या बाबतीत शहाणे होते.

डोळ्यांची गोष्ट अशी, की एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. वाचताना ते प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं आणि त्याचा दोष उगाच बारीक टायपाला दिला जातो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावं, हा नियम चांगला आहे. मुंबईत खोलीच्या आत वीस फूट सापडत नाहीत, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीकडे पाहावं लागतं आणि त्याचे वेगळे परिणाम होतात. मंद उजेडात वाचून डोळे कायमचे जातात हे मात्र खरं नाही. ते थकतात इतकंच. लहान मुलांच्या बाबतीत थट्टा नको: सतत जवळचं पाहण्याचा आणि लांबचं न दिसण्याचा संबंध आहे, आणि रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात खेळणं हा त्यावरचा खरोखरचा उतारा आहे. पुस्तक काढून घेऊ नका, पोराला अंगणात पिटाळा.

चाळिशीनंतर चाळिशी लागते. मराठीने चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलंय. दुकानदार प्रोग्रेसिव्ह काच सुचवतो: वरचा भाग लांबचं पाहायला, खालचा जवळचं. उभ्या माणसाला ती काच फार छान. पण उताण्या माणसाचं पुस्तक सरळ डोळ्यांपुढे येतं, म्हणजे तो काचेच्या वरच्या, लांबच्या नंबरातून अक्षरं शोधत असतो. मग हनुवटी छताकडे आणि उशी मानेखाली अशी कसरत सुरू होते. अंथरुणात वाचणाऱ्याने नुसत्या जवळच्या नंबराचा एक स्वस्त चष्मा उशाशी वेगळा ठेवावा. तो रोज पाठीखाली येतो, म्हणून स्वस्त.

संडासातल्या वाचनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बाहेर कुणीतरी थांबलेलं असतं. दहा मिनिटांच्या वर बसू नये, मूळव्याधीला आमंत्रण मिळतं, असं डॉक्टर सांगतात. जुन्या भारतीय पद्धतीच्या संडासात हा नियम गुडघेच पाळून घेत. कमोड आला आणि अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून व्हायला लागलं.

प्रवासात घाट लागला की पुस्तक मिटावं. कानातला तोल सांगतो की आपण गरगरतोय, डोळे सांगतात की ओळ स्थिर आहे. या भांडणात पोट हरतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर याची जबाबदारी आणखी वाढते.

जेवताना वाचणं वाईट, हे आईने सांगितलेलं असतंच. का वाईट ते पानावर दिसतं. आमटीचा डाग पडला तर टिपकागद किंवा पेपर नॅपकिन दाबून ठेवावा, घासू नये. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, म्हणून ते पान उघडून थोडा वेळ उन्हात ठेवता येतं. तेलाचा डाग तसाच राहतो. आणि फार वेळ ऊन दिलं तर हळद जाते पण सगळं पानच हळदीच्या रंगाचं होतं.

खऱ्या व्यसनी माणसाला पुस्तकही लागत नाही. तो टूथपेस्टच्या खोक्यावरचे घटक वाचतो, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचतो, कपाटाच्या फळीवर अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र डबे सरकवून वाचतो. याच जातीचं एक मोठं सुख हल्ली आटत चाललंय. वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली, आणि शाईतली रसायनं पोटात जाऊ नयेत म्हणून ते योग्यच आहे. पण भज्यांच्या पुडीवरच्या अर्ध्या बातमीची मजा पांढऱ्या कागदाला नाही. खून झाला होता, संशयित सापडला होता, आणि पुढचा भाग शेजारच्याच्या वड्याखाली होता.

दिवाळीत हे सगळे रोग एकदम उफाळतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी हा दुसरा फराळ मांडला जातो. हिशेब करून पाहा. दोनशे पानांचा अंक, जाहिराती वजा जाता १८० पानं, मोठ्या आकारामुळे पानाला पाचशेच्या वर शब्द. मिनिटाला २०० शब्दांनी एक अंक साडेसात तास खातो. दहा अंक म्हणजे पंचाहत्तर तास. सुट्टी चार दिवसांची, त्यात पाहुणे. वाचनालयाची दिवाळी अंक योजना घेतली तर पैसे भरलेले असतात, म्हणून अंक आवडो न आवडो, परत करण्याआधी राशिभविष्यासकट संपवावाच लागतो. गाजलेला अंक तर नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी असतो. याच काळात घरात चकलीचा घाणा चालू असतो आणि तेल दुधासारखं आधी बुडबुडे दाखवून सूचना देत नाही. तळणाशेजारी कुठलाही अंक, अगदी विनोदी विशेषांकसुद्धा, नेऊ नये.

आणि एवढं सगळं करून दूध गेलंच, तर आधी गॅस बंद. बर्नर निवल्यावर काढून कोमट पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास भिजत घालावा, भोकं टाचणीने मोकळी करावी, पुरता वाळवून मगच बसवावा. भोकं बुजलेली राहिली तर ज्योत पिवळी होते आणि भांड्यांचे बूड काळे होतात. स्टीलच्या पातेल्याच्या तळाला करपलेला थर असेल तर तो बुडेल इतकं पाणी घालावं, दोन चमचे खायचा सोडा टाकावा आणि मंद आचेवर उकळत ठेवावं. पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, ते काळं पडतं, तिथे चिंच. मग लाकडी उलथण्याने खरवडलं की थर पोपडा सुटावा तसा सुटतो. उकळायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं म्हणजे आठ पानं. आणि कथा तर ऐन रंगात सोडून आलेली असते, शिवाय पातेल्यात या खेपेला नुसतं पाणीच आहे, ते काही उतू जात नाही.

ते आटतं.