डीएनए नंतर, आधी ती फाइल

बायकोच्या खुनासाठी निर्दोष असताना जन्मठेप भोगलेल्या अमेरिकेतल्या मायकेल मॉर्टनच्या सुटकेचं सगळं श्रेय त्याच्यावरच्या लेखात डीएनएला दिलंय, ते अर्धवट वाटलं. ऑगस्ट १९८६ मध्ये टेक्सासमध्ये त्याची बायको ख्रिस्टीन हिचा राहत्या घरात खून झाला आणि संशय थेट नवऱ्यावर. का, तर आदल्या रात्री, त्याच्याच वाढदिवशी, ती झोपून गेली म्हणून त्याने बाथरूममध्ये नाराजीची चिठ्ठी ठेवली होती! अशा रुसव्याफुगव्यांवर जन्मठेप द्यायची तर आमची अर्धी सोसायटी आत जाईल.

आणि पोलिसांच्या फायलीत काय होतं? तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलेलं, की आईला 'राक्षसाने' मारलं आणि बाबा घरी नव्हते. आजीने ते तपास अधिकाऱ्याला जसंच्या तसं कळवलं. शेजाऱ्यांनी घरामागे एक अनोळखी हिरवी व्हॅनही पाहिली होती. पण ही माहिती दडपली गेली. घराजवळ सापडलेल्या रक्ताळलेल्या रुमालाच्या डीएनए चाचणीलाही सरकारी पक्ष कित्येक वर्षं आडवा आला. शेवटी ती चाचणी झाली आणि २०११ मध्ये सुटका, जवळपास २५ वर्षांनी.

खटला चालवणारे सरकारी वकील केन अँडरसन मधल्या काळात न्यायाधीश झाले होते. पुरावा दडपल्याबद्दल २०१३ मध्ये त्यांची सनद गेली आणि शिक्षा झाली फक्त १० दिवसांची. त्यातलेही काही दिवस माफ! मॉर्टन तुरुंगात असताना खरा खुनी मार्क नॉरवुड मात्र मोकळाच होता. जानेवारी १९८८ मध्ये त्याने ऑस्टिनमध्ये आणखी एका बाईला तसंच घरात घुसून मारलं.