मावशीचा फोन आणि ‘एका मोबाइल इंजिनिअर’चा सल्ला

रविवारी ठाकूरद्वारला मावशीकडे गेले होते. तिचं विजेचं बिल भरायला तिचा फोन हातात घेतला आणि सवयीने सेटिंगमध्ये डोकावले. शेवटचा सुरक्षा पॅच, म्हणजे फोनमधली भोकं बुजवणारी छोटी दुरुस्ती, अकरा महिन्यांपूर्वीचा. म्हटलं, “अगं मावशी, अपडेट का केलं नाहीस?”

“मुद्दाम बंद केलंय. ग्रुपवर आलं होतं.” आवाज असा, की कंपनीची चोरी हिनेच पकडली.

मग तिने तो मेसेज दाखवला. तोच तो, दोन बाणांचा, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. आठवडाभरात माझ्याकडेही तीनदा येऊन गेला होता आणि मी तिन्ही वेळा न वाचता वर सरकवला होता. आता वाचावा लागला. ‘मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या एका मोबाइल इंजिनिअरने सांगितलेलं सत्य’ असं शीर्षक. इंजिनिअरचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, गाव नाही. सत्य थोडक्यात असं: अपडेट म्हणजे जुना फोन मारायचं कंपनीचं विष, ते कायमचं बंद करा. आयफोन दहा वर्षं चालतो आणि अँड्रॉइड दोन वर्षांत मरतो, म्हणून नव्या अँड्रॉइडपेक्षा जुना आयफोन बरा. आयफोनला व्हायरस लागत नाही. अपडेट संपले की त्याच रात्री बँकेचं अ‍ॅप बंद पडतं आणि पैसे अडकतात. आणि शेवटी, सरकारची देशी सिस्टिम येत्येच, तोवर नवा अँड्रॉइड घेऊ नका.

मावशीने यातला पहिला सल्ला अमलात आणला होता आणि दुसऱ्यावर काम चालू होतं. शेजारचा मुलगा तिला मनीष मार्केटमधून १४,००० रुपयांत सेकंडहँड आयफोन एक्सआर आणून देणार होता. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर रविवारची दुपार मला काही जड झाली नव्हती.

आधी ते विष.

यात अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. बॅटरी म्हातारी झाली की एकदम जास्त वीज मागितल्यावर तिचा दाब कोसळतो आणि फोन फट्कन बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून वेगाला लगाम घातला, असं त्यांचं म्हणणं. कारण खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला सांगितलं नाही आणि गिऱ्हाइकाने नवा फोन घेतला, हे कसं पचावं? इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी युरोंचा दंड केला आणि त्याच वेळी सॅमसंगलाही ५० लाखांचा, कारण त्यांच्या गॅलॅक्सी नोट ४ या फोनवर त्याला न पेलणारी नवी आवृत्ती चढवायला लावली होती. फ्रान्सने २०२० मध्ये अ‍ॅपलकडून आणखी अडीच कोटी युरो घेतले. आपल्याकडे अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारीही भरपूर झाल्या, आणि काही कंपन्यांनी वॉरंटी संपलेल्या फोनचीसुद्धा स्क्रीन फुकट बदलून दिली. तेव्हा ‘कंपन्या साधुसंत आहेत’ असं मी म्हणत नाही.

पण या सगळ्यावर औषध काय, तर अपडेटच बंद? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं बॅटरीचं होतं. तेव्हा लोकांनी आयफोनची बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा पळायला लागले. २०१८ मध्ये अ‍ॅपलने बॅटरी स्वस्तात बदलून दिली आणि तिची तब्येत दाखवणारं पान फोनमध्ये घातलं. तेही एका अपडेटमधूनच आलं, हे त्या निवृत्त इंजिनिअरला कोणीतरी सांगा.

मुख्य घोळ असा की ‘अपडेट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. मावशीला मी तिच्याच चाळीचं उदाहरण दिलं. मोठी आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइडचा पुढचा आकडा किंवा आयओएसचा (आयफोनच्या सिस्टिमचा) पुढचा आकडा, हा पुनर्विकास. त्यात काय मिळेल, काय जाईल, आपली मोरी कुठे जाईल, याची भीती वाटणं रास्त आहे. सुरक्षा पॅच म्हणजे पावसाळ्याआधी गच्चीवर ताडपत्री घालणं आणि जिन्याचा मोडका कठडा बांधणं. पुनर्विकासाच्या मीटिंगला मावशी दर वेळी नाही म्हणून येते, पण ताडपत्रीची वर्गणी तिने कधी चुकवलेली नाही.

या ताडपत्रीचा इतिहास असा: २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधली स्टेजफ्राइट नावाची भोकं उघडकीला आली. खास बनवलेला एक एमएमएस आला की समोरच्याने काही न उघडता फोनमध्ये शिरता येत होतं. त्या धक्क्यानंतर ऑगस्टपासून गूगलने नियमित सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली. ही यादी जाहीर असते. भोक कुठे होतं हे तुम्हालाही कळतं आणि चोरालाही. ज्याने पॅच घेतला त्याचं भोक बुजलं. ज्याने अपडेट बंद केलं, त्याच्या दाराची कुठली कडी मोडकी आहे हे अकरा महिने नोटीस बोर्डावर लागलंय आणि तो मात्र आत ‘कंपनीला फसवलं’ म्हणून खूश.

पॅच घेतला की सगळं सुरक्षित, असंही नाही. गॅसचं बिल थकलंय म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं अ‍ॅप, तुम्ही आपल्या हाताने इन्स्टॉल केलीत आणि मेसेज वाचायची परवानगी दिलीत, तर कुठलाही पॅच तुम्हाला पुरा पडणार नाही. तसं झालंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि लगेच करा. मोठ्या आवृत्तीसाठी दोन-तीन आठवडे थांबा, इतरांना आपटू द्या, मग घ्या. मीही तेच करते. ‘कायमचं बंद’ हे मात्र मूर्खपणाचं आहे, आणि वयस्कर माणसांना हे सांगणाऱ्याने काय नुकसान केलंय ते त्याला कळतसुद्धा नाही.

आता दहा वर्षं आणि दोन वर्षं. अँड्रॉइडचं ‘दोन वर्षं’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. गूगलने केलेला बदल आधी चिप बनवणाऱ्याकडे जायचा, तिथून फोन कंपनीकडे, आणि चिपवाल्याने हात वर केले की फोन अनाथ. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गूगलने सिस्टिम आणि चिपचा भाग वेगळा करायला घेतला, पुढे अँड्रॉइड १० पासून काही तुकडे थेट प्ले स्टोअरमधून दुरुस्त व्हायला लागले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचा पिक्सेल ८ आला तो सात वर्षांच्या अपडेटचं वचन घेऊन, २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ तसाच. हे महागडे फोन झाले, पण गॅलॅक्सी ए१६ ५जी भारतात आला तेव्हा १८,९९९ रुपयांना होता आणि त्यालाही सहा वर्षं लिहून दिलेली आहेत. दोन वर्षांत मरणारे अँड्रॉइड अजून मिळतात, नाही असं नाही. पण ते ओळखता येतात, कारण त्यांच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात आणि अपडेटची वर्षं नसतात.

आणि आयफोनची दहा वर्षं कोणी लिहून दिली? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा आहे की इंटरनेटला जोडलेली वस्तू विकायची तर सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करावं लागतं. तिथे अ‍ॅपलने आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी काय लिहिलं? पहिल्यांदा बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षं. दहा नाही, सातसुद्धा नाही. हा कागद मी मावशीपुढे धरला तेव्हा ती पहिल्यांदा जराशी नरमली.

तरी न्याय करायचा तर अ‍ॅपल लिहितं कमी आणि देतं जास्त. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ चा आयओएस १५ मिळाला. २०१३ च्या ५एसलाही जानेवारी २०२३ मध्ये एक सुरक्षा दुरुस्ती आली. उलट पिक्सेल ८ चं सातवं वर्ष २०३० मध्ये पुरं होणार, म्हणजे ते वचन पाळलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही. एकाचं काम दिसतंय, कागद तोकडा आहे. दुसऱ्याचा कागद भरगच्च आहे, काम दिसायचंय. माझ्या मते निवड इथे करायची, ‘आयफोन की अँड्रॉइड’ या नाक्यावरच्या भांडणात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही: वर्षं मोजायची ती फोन बाजारात आल्या दिवसापासून, तुम्ही पिशवीत घालून घरी आणल्या दिवसापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा फोन निम्म्या किमतीत दिसतो तेव्हा त्याची दोन वर्षं दुकानातच संपलेली असतात. एक्सआर आला २०१८ मध्ये. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस २६ आला तो आयफोन ११ पासून पुढच्यांनाच, एक्सआर बाहेर. सुरक्षेचे तुकडे त्याला मागाहूनही मिळाले, पण किती दिवस मिळतील ते अ‍ॅपलने कुठे लिहून दिलेलं नाही. म्हणजे मावशी १४,००० रुपये देऊन आयुष्याची शेवटची पायरी विकत घेत होती, तीही ‘दहा वर्षं चालतो’ या समजुतीवर.

व्हायरसबद्दल फार बोलत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलला घाईघाईने आयओएस १४.८ काढावा लागला, कारण पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर एका अदृश्य मेसेजमधून आयफोनमध्ये शिरत होतं, मालकाने कुठेही बोट न लावता. मावशीवर कोणी पेगॅसस सोडणार नाही, पण ‘लागतच नाही’ हे साफ चूक.

बँकेचं अ‍ॅप त्याच रात्री बंद पडतं, हे वाचून मला हसू आलं आणि मावशीला मात्र रात्री झोप आली नव्हती. पैसे बँकेत असतात, फोनमध्ये नाही. फोन समुद्रात पडला तरी पासबुक, कार्ड, शाखा जागेवर आहेत, आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय पुन्हा चालू करता येतं. अ‍ॅपं जुन्या सिस्टिमला सोडतात हे खरं, पण वर्षानुवर्षांनी. व्हॉट्सअ‍ॅपच बघा: २०२५ च्या मे महिन्यापासून आयफोनवर त्याला किमान आयओएस १५.१ लागायला लागला, तेव्हा अँड्रॉइडवर २०१४ ची ५.० आवृत्ती चालत होती. बँकांची अ‍ॅपं जास्त कडक असतात आणि असायलाच हवीत. पण रात्री बाराचा ठोका पडला आणि खातं गोठलं, असलं काही नसतं.

राहिली देशी सिस्टिम. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखालून भारओएस पुढे आली, मंत्र्यांनी हातात घेऊन पाहिली, बातम्या झाल्या. तीही अँड्रॉइडच्याच खुल्या सांगाड्यावर उभी आहे. चांगलं व्हावं तिचं. पण तिच्यासाठी मावशीने फोन घ्यायचा थांबायचं? २०१४ मध्ये मोझिला या फायरफॉक्सवाल्यांच्या सिस्टिमवर चालणारा १,९९९ रुपयांचा फोन आपल्याकडे वाजतगाजत आला होता. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मोझिलानेच फोनमधून हात काढला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन ७ सिस्टिमचे फोन घेतलेल्यांना २०१२ च्या जूनमध्ये कळलं की ८ त्यांच्या फोनवर येणारच नाही, आणि त्यातला नोकियाचा ल्युमिया ९०० तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत विक्रीला आला होता. मागे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी असून ही गत.

मावशीचा सध्याचा फोन २०२२ च्या शेवटी बाजारात आलेला, सुरक्षा अपडेट चार वर्षांचे. अकरा महिन्यांची थकबाकी उतरवायला पाऊण तास लागला, तोवर आम्ही दोघींनी चहा घेतला आणि ती दर पाच मिनिटांनी “मेला नाही ना?” विचारत होती. नाही मेला. हँग होतो ही तिची खरी तक्रार होती, ती बरीचशी भरलेल्या स्टोरेजची निघाली: सुप्रभातच्या चित्रांचे नऊ जीबी. बॅटरी बदलून घ्यायला बुधवारी तिला घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचंय.

“म्हणजे दिवाळीपर्यंत चालेल?” तिने विचारलं.

“चालेल. दिवाळीला नवा घेऊ. आधी तो बाजारात कधी आला ते बघू, मग किती वर्षं लिहून दिलीत ते, मग रंग.”

“आणि एक्सआर आणतोय त्या पोराला काय सांगू?”

“‘नको’ म्हणून सांग.”

“त्याने ५०० रुपये ॲडव्हान्स घेतलेत गं.”

तेवढे परत मागायला मी आता खाली दुसऱ्या मजल्यावर जातेय.