पारा, ढग आणि काळा गॉगल: अतिनील किरणांचा चुकलेला हिशेब

एप्रिल सरता सरता नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: पारा 45 वर गेला की अतिनील (यूव्ही) किरण सर्वांत जास्त, म्हणून दुपारी 3 ते 5 टाळा, सकाळचं ऊन आणि ढगाळ हवा निर्धोक, काचेआड काही होत नाही, गॉगल जितका काळा तितका चांगला, घरात निळी जंतुनाशक ट्यूब लावून बसा, हवा शुद्ध होते.

अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत, अंगाला गरमही लागत नाहीत. मेसेज मात्र उष्म्यावरून आणि उजेडावरून त्यांचा अंदाज बांधतो. सगळी गफलत तिथेच आहे.

आधी वेळेचं बघू. जमीन आणि डांबर तापून हवा तापायला वेळ लागतो, म्हणून पारा तीन-चारच्या सुमारास टोक गाठतो. अतिनील किरणांचं प्रमाण ठरतं सूर्याच्या उंचीवर; तिरप्या किरणांना अतिनील शोषणाऱ्या ओझोनच्या थरातून लांबची वाट काढावी लागते. नागपूर 79 अंश पूर्व रेखांशावर, आपलं घड्याळ 82.5 अंशांवरचं, म्हणजे नागपूर त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे मे महिन्यात सूर्य सर्वांत उंच असतो तो 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती उंचीपेक्षा आखूड असेल तर जपायचं. मे महिन्यात ती सकाळी नऊलाच आखूड होते आणि साडेतीनच्या आसपासपर्यंत तशीच राहते. म्हणजे दहा-अकराचं ‘सकाळचं ऊन’ नेमकं या पट्ट्यात येतं. चार-पाचला बाहेर पडू नका हे खरंच, पण ते उष्माघातासाठी.

ढगांचं म्हणाल तर पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. नागपुरात सूर्य वर्षात दुसऱ्यांदा माथ्यावर येतो तोच मुळी जुलैच्या मध्याला, पावसाळ्यात; म्हणून ढगाळ हवा निर्धोक नाही.

काचेबाबतचा दावा अर्धा खरा आहे. खिडकीची साधी काच 280 ते 315 नॅनोमीटरचा (हे किरणांच्या लहरींची लांबी मोजायचं एकक), त्वचा भाजणारा आणि ड जीवनसत्त्व बनवणारा पट्टा जवळजवळ सगळा अडवते. 315 ते 400 चा बराचसा आत येतो. म्हणून काचेआड बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, पडदे मात्र विटतात. गाडीच्या पुढच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती दोन्ही पट्टे रोखते; बाजूच्या काचांचा भरवसा नाही.

गॉगलच्या रंगाचा अतिनीलशी संबंध नाही. उलट, अतिनील गाळणी नसलेल्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. ‘यूव्ही 400’, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारा, असं लिहिलेला घ्या. पडताळायचा असेल तर इतवारीतल्या दुकानांत पैशांच्या गल्ल्यावर असतो तसला नोटा तपासायचा दिवा घ्या आणि दिवा व नोट यांच्या मध्ये काच धरा. नोटेवरची चमक विझायला हवी. नोटेकडे काचेतून बघू नका, नाहीतर गडदपणाच फसवेल.

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला ट्यूबचा. जंतू मारतो तो 254 नॅनोमीटरचा अतिनील किरण. निळसर उजेड ही नुसती सोबत. सजावटीच्या जांभळ्या एलईडीने जंतू मरत नाहीत. खऱ्या ट्यूबने मरतात, पण प्रकाश थेट पडेल तिथेच. पलंगाखाली, कपाटामागे काही होत नाही. साधारण 9000 तासांनंतर ती तशीच निळी दिसते, मारा मात्र घटलेला असतो. ती चालू असताना खोलीत माणूस, जनावर कोणीही नको, आणि बटण दाराबाहेर हवं. दाराची काच चालते, ती 254 चा किरण अडवते.

खोलीत बसलंच कोणी, तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा आर्क बघितल्यावर होतो तोच त्रास. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, चोळू नका, थंड पट्टी ठेवून अंधारात पडा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. दुकानातून सुन्न करणारे थेंब आणून घालत राहिलात तर जखम भरायला उशीर होतो.